वरून वाळलं, आत काय?

गेल्या अंकात मी तैलरंगात मिसळायच्या, रंग लवकर वाळवणाऱ्या जेल मीडियमचा जाता जाता उल्लेख केला आणि ‘त्याबद्दल पुन्हा केव्हातरी’ म्हणून पुढे गेले. वाचकांना ते ‘केव्हातरी’ पसंत पडलेलं दिसत नाही. या वेळची जवळजवळ सगळी पत्रं त्या एका ट्यूबबद्दलच आहेत. म्हणून हे सदर या वेळी तिलाच दिलं. एक सांगून ठेवते: मी चित्रं रंगवते तशी इतरांची बिघडलेली चित्रं दुरुस्तही करते. दुरुस्तीच्या टेबलावर जे येतं ते पाहून माझी मतं बनली आहेत, त्यामुळे उत्तरांत कुठे कुठे खडूसपणा जाणवला तर चालवून घ्या.

व्यक्तिचित्राचं काम मिळालंय आणि महिनाभरात द्यायचंय. एकेक थर वाळायला आठवडा जातो. मैत्रीण म्हणते, जेल घाल, दुसऱ्या दिवशी पुढचा थर चढव. हे जेल म्हणजे नक्की काय असतं, आणि ते रंग वाळवतं कसं?

मैत्रीण बरोबर सांगते आहे, पण अर्धंच.

तैलरंग जलरंगासारखा वाळत नाही. त्यातून काही उडून जाऊन तो कोरडा होत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रवाचं घन होतं. वाळणाऱ्या तेलाचं वजन सुरुवातीला चक्क थोडं वाढतं, ते यामुळेच. हे काम तेल आपल्या गतीने करतं, आणि ‘हाताला लागत नाही’ इथून ‘आतपर्यंत वाळलं’ इथवर पोचायला महिने लागतात.

बाजारातल्या बहुतेक जेलचा गाभा म्हणजे अल्किड रेझिन, एक कृत्रिम राळ. ग्लिसरॉलसारखं एखादं अल्कोहोल, थॅलिक अनहायड्राइड आणि वनस्पती तेल एकत्र तापवून ते तयार होतं. 1920च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉय किएनल यांनी या तेलयुक्त अल्किडवर काम केलं. तिथून ते घरांच्या आणि यंत्रांच्या रंगांत गेलं आणि बऱ्याच उशिराने चित्रकाराच्या टेबलावर आलं. साध्या तेलाचे रेणू लहान असतात, एकेक करून त्यांना जोडत जावं लागतं. अल्किडचा रेणू मुळातच मोठा, त्यामुळे थोड्या जोडण्यांत भागतं. त्यातला द्रावक उडाला की थर आपसूक घट्ट होतो, मग ऑक्सिजन उरलेलं काम करतो. त्यावर कोबाल्टसारख्या धातूंचे ड्रायर अगदी थोड्या प्रमाणात घातलेले असतात, ते ऑक्सिजनला घाई करायला लावतात.

राहिला जेलपणा. ट्यूबमधून ते घट्ट येतं, ब्रश फिरवला की सैल होतं, हात थांबला की परत घट्ट. म्हणून रंग ओघळत नाही आणि ब्रशचा फटकारा बऱ्यापैकी जागेवर राहतो. मला विचाराल तर वेगापेक्षा हा गुण जास्त कामाचा आहे.

आता वेळ. रंग बनवणारी विन्सर अँड न्यूटन ही कंपनी आपल्या लिक्विन या अल्किड मीडियमबद्दल सांगते की रंग आणि जाडीप्रमाणे थर एक ते सहा दिवसांत हाताला कोरडा लागतो. गॅम्ब्लिन या दुसऱ्या कंपनीच्या गॅल्किडचा पातळ थर साधारण 24 तासांत वाळतो. यातले ‘हाताला’ आणि ‘पातळ’ हे दोन शब्द मैत्रिणीने गाळले.

तुमच्या चित्रापुरतं सांगते. जेल ब्रशने ट्यूबच्या तोंडाशी घेऊ नका. पॅलेटवर रंगाचा ढीग करा, त्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त जेल नको, आणि नाइफने एकजीव होईपर्यंत मळा. मळताना जो आळस होतो तो चित्रावर चट्ट्याचट्ट्यांनी दिसतो, एक भाग वाळलेला आणि शेजारचा ओला. ढोबळ छायाप्रकाशाच्या पहिल्या थरात आणि त्यावरच्या रंगाच्या थरात हे मिश्रण वापरा, दोन्ही थर पातळ ठेवा. चेहऱ्यावरचं शेवटचं काम जवळजवळ ट्यूबच्याच रंगात करा, जेल नावापुरतं. आणि लावलेला भाग काही तासांनी ब्रशला ओढायला लागला की त्याला हात लावू नका. त्या अवस्थेत गालावरची एक छटा नीट करायला गेलेला माणूस अख्खा गाल खरवडून बसतो. दुसऱ्या दिवशी वरून करा.

महिन्यात चित्र देता येईल. अंतिम व्हार्निश मात्र महिन्यात होणार नाही, हे घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

मी पॅलेट नाइफने जाड रंग लावते. वेळ वाचावा म्हणून जेल भरपूर घातलं. काही दिवसांत वरून कडक झालं, पण नखाने दाबलं तर खळगा पडतो आणि निळ्या भागावर सुरकुत्या आल्या आहेत. चित्र वाचेल का?

वाचेल, पण तुमच्या सोयीने नाही.

कोबाल्टचा ड्रायर मुख्यतः पृष्ठभागावर काम करतो, कारण ऑक्सिजन तिथे मिळतो. वर कातडं धरलं की खालच्या रंगापर्यंत हवा पोचणं आणखी अवघड होतं. वरचं कातडं ऑक्सिजन घेऊन फुगतं, त्याला पसरायला जागा नसते, खाली मऊ रंग असतो, मग ते दुमडतं. ती सुरकुती. म्हणजे जाड थरात जेल वाढवत गेलात तर आतला भाग लवकर नाही, उशिरा वाळतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी ही गोष्ट झाली.

निळ्यावरच का, तर तो बहुधा अल्ट्रामरीन असेल. या रंगाच्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा सुटं तेल वर आलेलं असतं. ते तेल, वर जेल, आणि जाडी, तिन्ही एका जागी आले. पुढच्या वेळी असा तेल सुटलेला रंग आधी टिपकागदावर काढा, तेल शोषलं जाऊ द्या, मग पॅलेटवर घ्या.

सध्या काय करायचं: चित्र उजेडाच्या, हवेशीर खोलीत, धुळीपासून लांब उभं ठेवा. कडक उन्हात नको. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा तर अजिबात नको, त्याने कातडं आणखी जाड होईल. वर नवा थर नको, व्हार्निश नको. आतपर्यंत घट्ट झालं की सुरकुत्यांचे उंचवटे धारदार पात्याने हलके छाटा, अगदी बारीक पॉलिशपेपर फिरवा आणि तेवढा भाग पुन्हा रंगवा. आता लगेच छाटायला गेलात तर खालून ओला रंग बाहेर येईल आणि मला आणखी एक पत्र येईल.

जाड काम सोडू नका. जाड कामासाठी वेगळं बनवलेलं इम्पास्टो जेल मिळतं, ते घ्या. त्यातही एकाच बैठकीत सगळी उंची गाठू नका. पहिला उठाव द्या, तो घट्ट होऊ द्या, त्यावर दुसरा द्या. आणखी एक उपाय मला आवडतो: रंगात थोडी संगमरवराची किंवा खडूची भुकटी मळायची. आकारमान वाढतं आणि तेल वाढत नाही. रंग किंचित पारदर्शक होतो, पण तळाच्या उठावात ते कुणाला दिसतंय!

रंगांचे स्वभावही लक्षात ठेवा. अंबर हा तपकिरी मातीचा रंग लवकर वाळतो, त्याच्यात मँगनीज असतं. प्रशियन ब्लू आणि कोबाल्ट ब्लूही चटपटीत. आयव्हरी ब्लॅक, अलिझरिन क्रिमझन, कॅडमियमचे रंग रेंगाळतात. टिटॅनियम व्हाइट बऱ्याचदा करडईच्या किंवा खसखशीच्या तेलात घोटलेला असतो, म्हणून तोही मंद. जेलचा चमचा सगळ्या ढिगांत सारखा टाकण्यापेक्षा मंद रंगांत पुरेसा आणि अंबरात शून्य, असं केलं तर चित्र एका वेळेला वाळतं.

घरात ॲक्रिलिकचं जेल मीडियम होतं. ‘जेल मीडियम’ म्हणजे तेच असेल असं समजून तैलरंगात घातलं. मिश्रण फुटल्यासारखं झालं. आणखी घोटलं तर जमेल का?

नाही जमणार. ॲक्रिलिकचं जेल पाण्यावर आधारलेलं असतं. टाकून द्या, पॅलेट आणि ब्रश स्वच्छ करा. ते जेल चित्र सुरू करण्याआधी, ॲक्रिलिकच्या तळथरात पोत आणायला खुशाल वापरा. ते पूर्ण वाळल्यावर वर तैलरंग चालतो. उलटं, म्हणजे तैलरंगावर ॲक्रिलिक, कधीही नाही. पाण्यात मिसळणारे तैलरंग वापरणाऱ्यांनाही हेच सांगेन: त्यांच्यासाठी बनवलेलं लवकर वाळणारं मीडियम वेगळं मिळतं, तेच घ्या, नाहीतर पाण्यात मिसळण्याची सोय हळूहळू निघून जाते.

आमच्या वर्गात ‘फॅट ओव्हर लीन’ पाठ करून घेतात: खाली कमी तेलाचा थर, वर जास्त तेलाचा. जेलमध्ये तेल आणि रेझिन असतं म्हणून ते ‘फॅट’, आणि म्हणून शेवटच्या थरात वापरायचं, असं सर सांगतात. मला शंका आहे. सरांना विचारायचं धाडस होत नाही.

सरांचा नियम खरा आहे. जेलवर तो बसवताना गल्लत झाली आहे, आणि ही गल्लत फार ठिकाणी होते.

नियमाचं पोट असं आहे: वरचा थर खालच्यापेक्षा आधी वाळून ताठ होता कामा नये. साध्या तेलाच्या जगात कमी तेलाचा थर लवकर वाळतो आणि जास्त तेलाचा सावकाश, वाळून तो जरा लवचीकही राहतो. म्हणून तेल मोजलं की गती आपोआप मोजली जायची. अल्किडने हे गणित मोडलं. त्यात तेलाचा अंश आहे आणि तरी ते भराभर वाळतं. आता निव्वळ तेल मोजून भागत नाही, गतीही बघावी लागते. गतीच्या बाजूने पाहिलं तर जेलची जागा खाली आहे.

सरांच्या पद्धतीने काय होतं ते पाहू. खाली ट्यूबचा जाडसर रंग, समजा आयव्हरी ब्लॅक आणि टिटॅनियम व्हाइट, दोन्ही मंद. वर आठवड्याभराने जेलचं पातळ कवच. कवच एका दिवसात ताठ. खालचा रंग पुढे कित्येक महिने वाळत राहणार, आधी फुगणार, मग आक्रसणार. ताठ कवचाला त्याच्याबरोबर हलता येत नाही, ते तडकतं. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या नव्या चित्रांत हा प्रकार ओळखायला सोपा असतो. तडे रुंद असतात, कडा गोलसर असतात आणि फटीतून खालचा रंग डोकावतो. जुन्या चित्रांना वयामुळे जे बारीक, धारदार तडे जातात, ते तळथरापर्यंत पोचतात आणि दिसायला निराळे असतात.

मी थर असे लावते. सगळ्यात खाली रंग थोड्या द्रावकात सैल केलेला, त्यात जेल, पातळ घासलेला. मधे रंग आणि जेल, द्रावक नाही. वर रंग, जेल कमी करत आणलेलं, लागलंच तर थेंबभर जवसाचं तेल. म्हणजे जेल खालून वर उतरत जातं आणि तेल खालून वर चढत जातं. ज्यांना एवढा हिशेब नको असेल त्यांनी सगळ्या थरांत एकाच प्रमाणात जेल वापरावं, तेही सुरक्षित आहे. मधल्या एखाद्याच थरात, किंवा फक्त शेवटी, आठवण झाली म्हणून घालणं तेवढं टाळा.

तळाच्या थरांत झिंक व्हाइट नको. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेत मॅरियन मेक्लेनबर्ग यांनी वर्षानुवर्षांच्या रंगपट्ट्यांवर ताणाच्या चाचण्या केल्या, त्यांत झिंक ऑक्साइडच्या तैलथराचा ठिसूळपणा स्पष्ट दिसला. जेल त्या ठिसूळपणाला काही करू शकत नाही. ट्यूबवर नुसतं ‘व्हाइट’ लिहिलेलं असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच पांढऱ्या रंगांत झिंक मिसळलेलं असतं.

कॅनव्हास हवेतल्या ओलाव्याने ताणतो आणि सैल पडतो, फळी तेवढी हलत नाही. बरेच थर चढवायचे असतील तर फळीवर काम करा, अर्धी काळजी तिथेच मिटते.

आणि सरांना जरूर विचारा. ‘सर, नियम तेलाचा आहे की वाळण्याच्या वेळेचा?’ एवढंच विचारलंत तरी चालेल.

पहिला थर जेलमुळे छान चकचकीत वाळला. त्यावर ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंगाचा पातळ थर, द्यायला गेलो तर रंग थेंबाथेंबांनी गोळा होतोय, पसरतच नाही.

जेलचं प्रमाण जास्त झालं की थर गुळगुळीत आणि बंद होतो, नव्या रंगाला धरायला दाते राहत नाहीत. थर पूर्ण कोरडा असेल तर अगदी बारीक पॉलिशपेपर किंवा खरखरीत कापड हलक्या हाताने फिरवून चमक मारा, भुकटी नीट पुसा, मग ग्लेझ द्या. पॉलिशपेपर घासताना नाकावर मास्क हवा. रंगाच्या ट्यूबमध्ये असेपर्यंत कॅडमियम एक वेळ ठीक आहे, श्वासात नको. कोरडं घासायचं नसेल तर आधी जेलचा अगदी पुसट हात देऊन तो कापडाने पुसून काढा आणि त्या ओलसरपणात ग्लेझ पसरवा.

ग्लेझबद्दल थोडं सविस्तर, कारण जेलचं खरं सौंदर्य इथे आहे. ग्लेझ म्हणजे पारदर्शक रंगाची काच. त्यासाठी रंगच पारदर्शक घ्यायला हवा: अल्ट्रामरीन, क्विनॅक्रिडोन, थॅलो निळा-हिरवा, पारदर्शक ऑक्साइडचे तांबूस रंग. कॅडमियम लाल कितीही पातळ केला तरी तो धुकं करेल, काच करणार नाही. नुसत्या तेलात केलेलं ग्लेझ उभ्या चित्रावरून हळूच खाली सरकतं आणि सकाळी तळाशी गडद पट्टा दिसतो. जेलमधलं ग्लेझ जागेवर राहतं. मऊ, रुंद ब्रशने लावा, कोरड्या ब्रशने ओढून पातळ करा, उजेडाच्या जागी बोटाने पुसून काढा. बोटाला हातमोजा असू द्या. चौथाई हिश्शाचं बंधन ग्लेझपुरतं मी सोडते, कारण थर कागदापेक्षा पातळ असतो. पण अशी ग्लेझं चढवताना प्रत्येक आधीची पूर्ण वाळू द्या, आणि तीन-चारांच्या पुढे गेलात तर चित्र रंगापेक्षा मीडियमचंच व्हायला लागतं. खोली येण्याऐवजी सरबतासारखी गोडसर तकाकी येते. ती काहींना आवडते. मला नाही.

लिक्विनची बाटली उघडली तर आतलं मीडियम तपकिरी पिवळं दिसतं. माझी चित्रं पांढऱ्या आणि फिकट राखाडी रंगांची असतात. पिवळी पडतील ना?

बाटलीतला रंग पाहून घाबरू नका, चित्रावरचा थर फारच पातळ असतो. तरी शंका रास्त आहे. तेल असलेलं प्रत्येक मीडियम थोडं पिवळं पडतं. जवसात लिनोलेनिक आम्ल भरपूर, म्हणून ते लवकर आणि चिवट वाळतं आणि पिवळंही जास्त पडतं. करडईच्या तेलात ते जवळजवळ नसतं, त्यामुळे पिवळेपणा कमी, पण गतीही कमी आणि थर थोडा कमकुवत. गॅम्ब्लिनचं द्रावकविरहित जेल करडईचं तेल आणि अल्किड यांचं असतं, फिकट चित्रांना ते बरं पडतं.

अंधारात ठेवलेलं चित्र जास्त पिवळं पडतं. वर्षभर कपाटात गुंडाळून ठेवलेलं पांढरं चित्र बाहेर काढून रडू नका. काही आठवडे साध्या उजेडात, थेट उन्हात नव्हे, ठेवा. या पिवळेपणाचा बराचसा भाग उतरतो. शेवटच्या पांढऱ्या थरात मात्र जेल जवळजवळ घालूच नका.

आजोबांच्या संग्रहात एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं. त्यात ‘मेगिल्प’ नावाच्या जेलची कृती आहे: शिसं घालून उकळलेलं तेल आणि मॅस्टिक व्हार्निश. जुन्या दिग्गजांचं रहस्य हेच, असं लिहिलंय. घरी करून बघू का?

करू नका. शिशाचे ऑक्साइड आणि तापलेलं तेल घरातल्या भांड्यात नको, धूर आणि भुकटी दोन्ही विषारी. आणि ज्यासाठी ही जोखीम घ्यायची, ते मीडियमच वाईट आहे.

मेगिल्पचं आकर्षण मला कळतं. दोन द्रव मिसळले की क्षणात लोण्यासारखं जेल तयार होतं, ब्रशखाली वितळतं, हवं तिथे थांबतं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातले इंग्रज चित्रकार त्याच्या प्रेमात होते. जोशुआ रेनॉल्ड्स हे त्याचं ठळक उदाहरण. मेण, रेझिन, डांबरी तपकिरी, जे हाताला लागेल ते रंगात घालायचे. त्यांची चित्रं त्यांच्या हयातीतच तडकायला आणि उडायला लागली होती. टर्नरच्या रंगांच्या रासायनिक तपासणीतही मेगिल्प सापडलं आहे. मॅस्टिक ही झाडाची राळ, ती काळाबरोबर पिवळी आणि ठिसूळ होते. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने त्याहून मोठी पंचाईत अशी, की जुनं व्हार्निश काढायला जो द्रावक लागतो तोच मॅस्टिकलाही विरघळवतो. वरचा मळ निघेपर्यंत खालचं ग्लेझही कापसावर यायला लागतं. अशा चित्रासमोर बसून मी कापूस खाली ठेवलेला आहे.

‘दिग्गजांचं रहस्य’ हा दावा विसाव्या शतकात जाक मारोजे यांनी जोरात मांडला. ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत तांत्रिक प्रमुख होते, पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला शिकवायचे, आणि 1948 साली त्यांचं पुस्तक आलं. तुमच्या हातात त्यांचंच असेल असं नाही, पण विचार तोच. नंतरच्या तपासण्यांत जुन्या डच आणि इटालियन चित्रांत बहुतेक ठिकाणी साधं जवसाचं किंवा अक्रोडाचं तेलच मिळालं.

पण इथे एक गंमत आहे. 2019 साली रेम्ब्रांच्या चित्रांतल्या जाड पांढऱ्या उठावांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात प्लंबोनॅक्राइट नावाचा शिशाचा एक दुर्मीळ क्षार सापडला. संशोधकांचा निष्कर्ष असा, की रेम्ब्रांने तेलात शिशाचा ऑक्साइड घालून ते मुद्दाम बदललं, त्यामुळे माध्यम अल्कधर्मी झालं आणि उठाव टिकेल असा घट्ट रंग मिळाला. म्हणजे पटकन घट्ट होणाऱ्या रंगाची हौस आपल्या काळाची नाही. रेम्ब्रांच्या त्या उठावात मॅस्टिकचा मेगिल्प मात्र नव्हता.

मेगिल्पची मजा हवी असेल तर त्याच नावाने अल्किडवर बनवलेली आधुनिक जेल मिळतात. हाताला जवळजवळ तोच अनुभव, आणि मागाहून कुणाला कापूस खाली ठेवावा लागत नाही.

शेवटी चमक यावी म्हणून चित्रावर जेलचाच पातळ हात दिला तर व्हार्निशचा खर्च वाचेल का?

देऊ नका. व्हार्निशचं काम चमक देणं एवढंच नाही, मळलं की रंगाला धक्का न लावता काढता येणं हेही आहे. जेल वाळलं की निघत नाही, चित्राचा भाग होतं आणि वर पिवळं पडतं. लिक्विन बनवणारेही ते व्हार्निश म्हणून वापरू नका असंच सांगतात. चित्राच्या जाडीप्रमाणे सहा महिने ते वर्षभर धीर धरा, मग काढता येणारं व्हार्निश द्या. काही ठिकाणी रंग शोषला जाऊन निस्तेज चट्टे पडले असतील तर तेवढ्याच जागी, काम चालू असताना, तेलाचा पुसट हात देऊन लगेच कोरड्या कापडाने पुसा.

खोली लहान आहे, वास डोक्यात जातो. आणि ट्यूबमधलं जेल अर्धं राहिलं की घट्ट होऊन वाया जातं. काही युक्ती?

वास बहुतेक द्रावकाचा. दोन खिडक्या उघडून हवा आरपार जाऊ द्या, एका खिडकीसमोर पंखा बाहेरच्या दिशेने लावा. त्यानेही भागत नसेल तर द्रावकविरहित जेल घ्या, ते थोडं सावकाश वाळतं एवढंच. ब्रश आधी कापडाने कोरडा पुसून, मग तेलात खळबळून, शेवटी साबणाने धुतला तर द्रावकाची उघडी बरणी टेबलावर लागतच नाही. जेलचा ब्रश रात्रभर तसाच ठेवलात तर मात्र तो कायमचा गेला.

वासापेक्षा मला तुमच्या चिंध्यांची जास्त काळजी आहे. तेल वाळताना उष्णता निघते. चोळामोळा करून टोपलीत टाकलेल्या चिंधीत ती अडकते आणि चिंधी काडी न लावता पेटू शकते. जेलमधले ड्रायर ही क्रिया आणखी जलद करतात. 1991 साली फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या 38 मजली इमारतीला लागलेली आग जवसाच्या तेलाच्या चिंध्यांपासूनच सुरू झाली होती, त्यात तीन अग्निशामक जवान गेले. चिंध्या पाणी घातलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, किंवा उघड्यावर एकेक सुटी पसरून कडक होऊ द्या आणि मगच कचऱ्यात टाका.

राहिलेल्या जेलचं असं: शत्रू हवा आहे, म्हणून ट्यूब खालून गुंडाळत आणा, तोंडाची आटी पुसून झाकण घट्ट लावा. बाटलीतलं असेल तर लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. वर पापुद्रा धरला आणि खालचं अजून सैल असेल तर पापुद्रा अख्खा उचलून काढा, खालचं वापरता येतं. तो ढवळून आत मिसळू नका, त्याच्या गुठळ्या ग्लेझमध्ये निघता निघत नाहीत. दोरीसारखं ताणलं जाणारं जेल द्रावक घालून पुन्हा सैल करायच्या भानगडीत पडू नका. फेकून द्या, आणि पुढच्या वेळी लहान ट्यूब घ्या.